एकही ठिपका न हरवता

शाळेतील जनरल रजिस्टरचे महत्त्व शिक्षकांना वेगळे सांगायला नको. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी शाळा सोडलेला माणूस जन्मतारखेच्या पुराव्यासाठी शाळेत येतो आणि ते जीर्ण पुस्तक हलक्या हाताने उघडावे लागते. अशी कागदपत्रे आता स्कॅन करून संगणकात साठवली जातात. संगणकातील पान उद्या मूळ पानाची जागा घेणार असेल, तर त्याच्याकडून आपल्या दोन अपेक्षा असतात. त्याने जागा थोडी घ्यावी, आणि मूळ पानावर जे होते ते जसेच्या तसे परत द्यावे. या दोन अपेक्षा एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. त्या एकत्र कशा साधतात, आणि कोणत्या टोकाला गेल्यावर साधेनाशा होतात, ते या लेखात पाहू.

पान म्हणजे किती ठिपके?

स्कॅनर पानाचे बारीक चौकोनांत विभाजन करतो. काळ्या-पांढऱ्या पद्धतीत प्रत्येक चौकोनाबद्दल एकच प्रश्न असतो: येथे शाई आहे की कोरा कागद? उत्तर 'आहे' असेल तर १, नसेल तर ०. म्हणजे एका ठिपक्याला एक बिट पुरतो. इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने ए-४ आकाराच्या पानावर आडवे २४८० आणि उभे ३५०८ ठिपके बसतात. गुणाकार केला तर ८६,९९,८४० ठिपके होतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून एका पानाला सुमारे १० लाख ८७ हजार बाइट लागतात. दोनशे पानांच्या एका रजिस्टरला २१ कोटींहून अधिक बाइट झाले.

हा प्रश्न प्रथम ऐरणीवर आला तो फॅक्स यंत्रांमुळे. फॅक्सच्या एका आडव्या रांगेत १७२८ ठिपके असतात. साध्या प्रतीच्या फॅक्समध्ये एका मिलिमीटरमध्ये ३.८५ रांगा असतात, म्हणजे ए-४ पानाला सुमारे ११४३ रांगा. एकूण ठिपके जवळजवळ २० लाख. टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला ४८०० बिट जात असतील, तर एक पान पोहोचायला जवळजवळ सात मिनिटे लागतील. परदेशी फोनचे बिल मिनिटावर आकारले जात असे त्या काळात हे कोणालाही परवडणारे नव्हते. म्हणून टेलिफोन-तारखात्यांच्या सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय समितीने १९८० साली 'टी.४' हे मानक ठरवले. 'ग्रुप-३ फॅक्स' या नावाने ते जगभर पसरले. फॅक्स यंत्रे आता दुर्मिळ झाली आहेत, पण ती पद्धत आणि तिचे वंशज आजच्या टिफ आणि पीडीएफ फायलींत ठाण मांडून आहेत.

सर्वच चित्रे लहान करता येतील का?

पद्धती पाहण्याआधी एक मूलभूत शंका दूर करू. कोणतेही चित्र लहान करून पुन्हा जसेच्या तसे उलगडणारी जादू असू शकेल का? नाही, आणि हे शाळेतील गणितानेच सिद्ध होते.

फक्त तीन ठिपक्यांची चित्रे घ्या. अशी एकूण ८ चित्रे संभवतात. ती सगळी तीनपेक्षा कमी बिटांत लिहायची आहेत असे समजा. एका बिटाचे संकेत २ आणि दोन बिटांचे ४, असे एकूण ६ संकेत आपल्याकडे आहेत. आठ चित्रांना सहा संकेत पुरणार नाहीत. निदान दोन वेगवेगळ्या चित्रांना एकच संकेत द्यावा लागेल, आणि मग उलगडताना मूळ चित्र कोणते होते ते कळणार नाही. तीनऐवजी तीस लाख ठिपके घेतले तरी युक्तिवाद हाच राहतो.

मग बचत होते कशी? काही चित्रे लहान होतात त्याची किंमत म्हणून दुसरी काही चित्रे मोठी होतात. लिखित कागद हे ठिपक्यांचे कसेही विखुरलेले मिश्रण नसते. त्यात समास असतो, ओळींमध्ये मोकळी जागा असते, अक्षरांच्या रेषांना ठरावीक जाडी असते. म्हणजे बरेच काही आधीच ओळखता येते. जे ओळखता येते ते पुन्हा सांगायचे नाही, एवढेच या सर्व पद्धतींचे सूत्र आहे. त्यांच्यात फरक आहे तो ओळखण्याच्या कौशल्याचा.

पहिली पायरी: टप्पे मोजा

एका रांगेतील २० ठिपके असे आहेत असे धरू:

००००११०००००००१११००००

एकेक ठिपका सांगण्याऐवजी 'पांढरे ४, काळे २, पांढरे ७, काळे ३, पांढरे ४' असे म्हटले तरी चालते. रंग आलटून-पालटून येणार, म्हणून रंगही सांगायला नको. प्रत्येक रांग पांढऱ्यापासून सुरू होते असा संकेत ठरवलेला आहे. पहिलाच ठिपका काळा असेल तर 'पांढरे ०' असे म्हणून पुढे जायचे.

हे आकडे बिटांत लिहायचे कसे? सर्वांना सारखीच लांबी दिली तर बचत बरीच कमी होईल. वारंवार येणाऱ्या आकड्यांना लहान आणि क्वचित येणाऱ्यांना लांब संकेत द्यावेत हे उघड आहे. पण संकेत सलग लिहिले की एक कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो ते कळायला हवे. याचे उत्तम उत्तर डेव्हिड हफमन यांनी दिले. १९५१ साली ते अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत विद्यार्थी होते. त्यांचे प्राध्यापक रॉबर्ट फॅनो यांनी वर्गाला अंतिम परीक्षा किंवा एक निबंध असा पर्याय दिला आणि निबंधासाठी हाच प्रश्न सुचवला. तो प्रश्न खुद्द फॅनो यांनाही पूर्णपणे सुटला नव्हता. हफमन यांनी तो सोडवला आणि १९५२ साली प्रसिद्ध केला. परीक्षेऐवजी प्रश्न सोडवायला देण्याचे याहून चांगले समर्थन सापडणे कठीण आहे!

हफमन यांच्या पद्धतीत कोणताही संकेत दुसऱ्या संकेताची सुरुवात नसतो, त्यामुळे मध्ये स्वल्पविराम लागत नाही. ग्रुप-३ च्या तक्त्यात पांढऱ्या आणि काळ्या टप्प्यांसाठी वेगवेगळे संकेत आहेत. आपल्याला लागणारे असे: पांढरे ४ म्हणजे १०११, पांढरे ७ म्हणजे ११११, काळे २ म्हणजे ११, काळे ३ म्हणजे १०. आपली रांग आता अशी होईल:

१०११ ११ ११११ १० १०११

मधल्या फटी केवळ आपल्या सोयीसाठी आहेत. २० बिटांचे १६ झाले. बचत फार वाटत नाही, पण संपूर्ण कोरी रांग पाहा. १७२८ पांढऱ्या ठिपक्यांसाठी ९ बिट आणि त्यानंतर 'पांढरे ०' साठी ८ बिट, असे १७ बिटांत काम भागते. शंभरपट बचत! आणि पानावर कोऱ्या रांगा भरपूर असतात.

तक्त्यात सर्वांत लहान, दोन-दोन बिटांचे संकेत काळ्या २ आणि काळ्या ३ या टप्प्यांना का दिले असावेत? फॅक्समध्ये एका मिलिमीटरमध्ये सुमारे ८ ठिपके बसतात. टंकलिखित अक्षराच्या रेषेची जाडी दोन-तीन ठिपक्यांची असते. म्हणजे त्या तक्त्यात अक्षरांच्या रेषांची जाडीच दडलेली आहे. हा तक्ता आठ नमुना कागदपत्रे तपासून बनवला गेला. त्यांत इंग्रजी, फ्रेंच आणि जपानी मजकुराची पाने होती, देवनागरी नव्हती. आपल्या शिरोरेषेमुळे रांगेत लांब काळे टप्पे येतात. त्यामुळे मराठी पान चुकीचे पोहोचते का? मुळीच नाही. तक्ता आपल्या लिपीला तंतोतंत जुळला नाही, तर बचत थोडी कमी होते इतकेच. अचूकता लिपीवर अवलंबून नसते.

उलट टोकाचे उदाहरण विद्यार्थ्यांना जरूर द्यावे. बुद्धिबळाच्या पटासारखे एक पांढरा, एक काळा असे २० ठिपके घ्या. 'पांढरा १' ला ६ बिट आणि 'काळा १' ला ३ बिट लागतात. दहा जोड्यांना ९० बिट झाले! ठिपकेदार छपाईचे फोटो असलेले वर्तमानपत्राचे पान या पद्धतीने लहान होण्याऐवजी मोठे का होते, ते यावरून कळेल. वर म्हटलेली 'किंमत' ती हीच.

दुसरी पायरी: वरच्या रांगेकडे पाहा

अक्षराची उभी रेषा एका रांगेत जेथे असते, तेथेच ती पुढच्या रांगेतही असते. फार तर एखादा ठिपका सरकते. मग टप्पे पुन्हा कशाला मोजायचे? रंग जेथे बदलतो ती जागा वरच्या रांगेतल्या बदलाच्या तुलनेत सांगावी. 'अगदी खाली' यासाठी फक्त १ हा एक बिट. 'एक ठिपका उजवीकडे' यासाठी ०११. 'एक ठिपका डावीकडे' यासाठी ०१०.

आपल्या रांगेच्या खालची रांग अशी आहे असे धरू:

००००११००००००००१११०००

पहिला काळा पट्टा जागच्या जागी आहे, दुसरा एक घर उजवीकडे सरकला आहे. संकेत होतात १, १, ०११, ०११ आणि रांगेच्या शेवटासाठी १. एकूण ९ बिट. हीच रांग टप्पे मोजून लिहिली असती तर १७ बिट लागले असते. वरची रांग कोरी आणि खालचीही कोरी असेल, तर एका रांगेला अवघा एक बिट पुरतो. शिरोरेषेचा प्रश्नही येथे आपोआप हलका होतो. तिची पहिली रांग महाग पडली तरी पुढच्या दोन-तीन रांगा जवळजवळ फुकट मिळतात.

ग्रुप-३ मध्ये ही पद्धत जपून वापरली गेली. टेलिफोनच्या तारेवर खरखर असते. एक बिट चुकला तर ती चूक खालच्या प्रत्येक रांगेत उतरत जाते. म्हणून साध्या प्रतीत दर दुसरी आणि बारीक प्रतीत दर चौथी रांग स्वतंत्रपणे पाठवली जाई. १९८४ साली आलेल्या 'टी.६' मानकाने, म्हणजे 'ग्रुप-४' ने, ही खबरदारी काढून टाकली, कारण ते निर्दोष डिजिटल वाहिन्यांसाठी होते. साध्या मजकुराचे पान यात मूळच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास उतरते. मजकूर दाट असेल तर बचत कमी होते. मात्र येथे एक धडा आहे. पुनरुक्ती काढून टाकली की फाईल नाजूक होते. मधला एक बिट बिघडला तर खालचे सारे पान विस्कटू शकते. म्हणून अशा फायलींच्या निदान दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

तिसरी पायरी: प्रत्येक ठिपक्याचा अंदाज

१९९३ च्या 'जेबिग' मानकाने आणखी बारकाईने पाहायचे ठरवले. एखाद्या ठिपक्याकडे येण्याआधी त्याच्या वरचे आणि डावीकडचे ठिपके आपल्याला ठाऊक असतात. त्यांपैकी १० शेजारी घेतले तर त्यांच्या १०२४ वेगवेगळ्या रचना होतात. प्रत्येक रचनेनंतर आतापर्यंत काळा ठिपका किती वेळा आला आणि पांढरा किती वेळा, याची नोंद यंत्र चालता चालता ठेवते. सर्व शेजारी पांढरे असतील, तर हाही पांढराच असणार हे जवळजवळ नक्की.

जे जवळजवळ नक्की आहे ते सांगायला पूर्ण बिट खर्च करायचा नाही, हे 'अंकगणिती संकेतन' या पद्धतीने साधते. शंभरात ९९ वेळा अंदाज बरोबर येत असेल, तर हजार ठिपक्यांना सरासरी ८१ च्या आसपास बिट पुरतात.

येथे विद्यार्थी हमखास विचारतात: अंदाज चुकला तर ठिपका चुकीचा पडेल ना? नाही. अंदाज चुकला हेही पाठवले जाते, फक्त त्याला जास्त बिट लागतात. फाईल उलगडणारे यंत्र तेच शेजारी पाहते, तेच अंदाज बांधते आणि चुकीची सूचना आली की दुरुस्त करते. अंदाज आणि त्याची दुरुस्ती हे जोडीने येतात तोवर एकही ठिपका हरवत नाही. हानिरहित संक्षेपणाचे, म्हणजे 'लॉसलेस कॉम्प्रेशन'चे, सारे मर्म या एका वाक्यात आहे.

चौथी पायरी, आणि घसरण

एका पानावर 'क' शंभर वेळा येत असेल तर त्याचा आकार शंभर वेळा कशाला साठवायचा? एकदाच साठवावा आणि पुढे 'आकार क्रमांक १२, येथे' एवढेच लिहावे. २००० सालच्या 'जेबिग-२' मानकात अशा आकारांच्या कोशाची सोय आहे. यंत्राला अक्षर वाचता येत नाही. ते केवळ एका काळ्या आकाराची दुसऱ्याशी तुलना करते.

पण छापील पानावरचे दोन 'क' ठिपक्या-ठिपक्यापर्यंत सारखे कधीच नसतात. मग दोन मार्ग उरतात. पहिल्या मार्गात कोशातील आकार हा अंदाज मानायचा आणि प्रत्यक्षातील फरक दुरुस्ती म्हणून साठवायचा. हे हानिरहित आहे. दुसऱ्या मार्गात 'पुरेसे सारखे आहेत' असे ठरवून फरक सोडून द्यायचा. फाईल आणखी लहान होते, पण आता अंदाज आहे आणि दुरुस्ती नाही. किती सारखे म्हणजे पुरेसे, हे मानक सांगत नाही. ते यंत्र बनवणाऱ्यावर सोपवलेले आहे.

याचे फळ २०१३ साली दिसले. डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या वर्कसेंटर मालिकेतील यंत्रावर स्कॅन केलेला इमारतीचा नकाशा तपासला. नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर अशी होती. स्कॅनमध्ये तिन्ही ठिकाणी १४.१३ उमटले होते. दुसऱ्या एका कागदावर ६ च्या जागी ८ आले होते. यंत्राने लहान अंकांचे आकार 'पुरेसे सारखे' मानून एकाच्या जागी दुसरा बसवला होता. पुढे कंपनीने यंत्रांच्या आज्ञावलीत दुरुस्ती दिली.

चूक कोणत्या रूपात आली ते पाहा. खराब फॅक्समध्ये अंक फुटतो, अस्पष्ट होतो, आणि वाचणारा सावध होतो. येथे मात्र अंक स्वच्छ, सुबक आणि चुकीचा होता. डोळ्यांना संशय येण्यासारखे काही नव्हते.

मराठी कागदपत्रांच्या बाबतीत याचा वेगळा विचार करायला हवा. कोशासाठी यंत्र सामान्यतः सलग जोडलेले काळे आकार वेगळे काढते. शिरोरेषेमुळे आपला पुष्कळदा अख्खा शब्दच एक आकार बनतो, आणि अख्खे शब्द अक्षरांइतके वारंवार येत नाहीत. म्हणजे आपल्या मजकुरात या पद्धतीचा फायदा कमी. पण अंकांना शिरोरेषा नसते! ते सुटे असतात, आकाराने लहान असतात आणि पुन्हा पुन्हा येतात. म्हणजे अदलाबदलीचा धोका नेमका जन्मतारीख, गुण, क्षेत्रफळ आणि रक्कम यांनाच अधिक.

स्कॅन करण्यापूर्वी

'हानिरहित' या शब्दाची मर्यादाही लक्षात ठेवावी. हे वचन ठिपके काळे-पांढरे ठरल्यानंतरचे आहे. त्याआधी फिकट शाई, पेन्सिलीची नोंद किंवा निळा शिक्का 'पांढरा' ठरला असेल, तर तो पुढे अत्यंत प्रामाणिकपणे पांढराच जपला जाईल. पानावरचे डाग काढणारी सोय सुरू असेल, तर सुटा अनुस्वारही डाग समजून पुसला जाऊ शकतो.

म्हणून शाळेची जुनी कागदपत्रे स्कॅन करून घेताना चार गोष्टी विचाराव्यात. ठिपके इंचाला किमान ३०० आहेत का? काळ्या-पांढऱ्या पानांसाठी ग्रुप-४ किंवा दुसरी हानिरहित पद्धत वापरली आहे का? फिकट पाने करड्या छटांत किंवा रंगीत घेतली आहेत का? आणि काही पानांवरील अंक मूळ रजिस्टरशी एकेक करून ताडून पाहिले आहेत का? ही उत्तरे मिळेपर्यंत, आणि मिळाल्यानंतरही, मूळ रजिस्टर टाकून देऊ नये.

वर्गात करून पाहा

आलेख-कागदावर १६ × १६ चौकोनांत एक अक्षर काढा. दोन विद्यार्थी पाठीला पाठ लावून बसतील. पहिल्याने प्रत्येक रांगेतील टप्पे सांगायचे, दुसऱ्याने कोऱ्या कागदावर चौकोन रंगवायचे. किती आकडे सांगावे लागले ते मोजा. दुसऱ्या फेरीत 'तसेच', 'एक उजवीकडे', 'एक डावीकडे' हे शब्द वापरायला परवानगी द्या आणि शब्द पुन्हा मोजा. तिसऱ्या फेरीत मुद्दाम एक शब्द चुकीचा सांगा, आणि चूक कोणत्या फेरीच्या पद्धतीत खालपर्यंत पसरते ते पाहा. शेवटी दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून खिडकीच्या काचेवर धरा. सगळे २५६ चौकोन जुळले तरच निरोप पोहोचला असे म्हणायचे. २५५ जुळले तर नाही.